केनियातल्या बालगृहासाठी पुण्यातली उलटी भिशी

पुण्यात घरात कुणाचा वाढदिवस असला, वर्षश्राद्ध असलं की जवळच्या बालगृहात फोन करून एका दिवसाच्या जेवणाचे पैसे भरायची रीत आहे. रीत चांगलीच आहे. पण साडेचार हजार किलोमीटरवरच्या केनियातल्या बालगृहाला हात द्यायचा म्हटला की ती अपुरी पडते. नाताळच्या सुमारास सगळीकडून पैसे येतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये खातं कोरडं पडतं आणि सगळ्यात आधी थकतो तो मुलांना सांभाळणाऱ्या बाईंचा पगार. दोन महिने वाट बघून त्या दुसरीकडे कामाला लागतात आणि लहान मुलांना पुन्हा एका नव्या चेहऱ्याची सवय करून घ्यावी लागते. म्हणून आमचं म्हणणं एवढंच : रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती दर महिन्याला ठरलेल्या आठवड्यात पोचली पाहिजे.

पैशांच्या आधी कागद बघा. केनियात अशा संस्थेला ‘चॅरिटेबल चिल्ड्रन्स इन्स्टिट्यूशन’ म्हणतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिथल्या सरकारने अशा नव्या संस्थांची नोंदणी थांबवली. त्यामुळे ‘आम्ही २०२१ मध्ये सुरू केलं’ असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबून नोंदणीचा कागद मागायचा. जुनी संस्था असेल तर प्रमाणपत्राची मुदत कधी संपते ते बघायचं. मग मागच्या दोन वर्षांचे तपासलेले हिशेब, कर्मचाऱ्यांची पदं आणि पगार, बँक खात्यावर सह्या कुणाच्या, आणि वयानुसार मुलांची संख्या. त्या भागाच्या चिल्ड्रन ऑफिसरकडे, म्हणजे मुलांचं काम बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, चौकशी जरूर करावी, पण त्या कार्यालयाचा नंबर संस्थेकडून घेऊ नये, स्वतः शोधावा.

समजा, संस्थेत चाळीस मुलं आहेत. एक प्रश्न मात्र हमखास विचारायचा : ‘चाळीस मुलांपैकी किती जणांचे आई किंवा वडील हयात आहेत?’ युनिसेफच्या व्याख्येत एक पालक गेलेलं मूलही अनाथांतच मोजलं जातं, त्यामुळे ‘अनाथ’ हा शब्द ऐकून आपल्या मनात जे चित्र उभं राहतं ते बहुतेक वेळा खरं नसतं. मुलं संस्थेत येतात ती गरिबीमुळे, शाळेच्या खर्चामुळे, आईच्या आजारपणामुळे. चांगली संस्था हा आकडा लगेच सांगते, कारण प्रत्येक मुलाची फाइल तिच्याकडे असते : न्यायालयाचा आदेश, नातेवाइकांची माहिती, घरी परतण्याचा आराखडा, शेवटची गृहभेट कधी झाली. फाइल आपण उघडून बघायची नाही, तो त्या मुलाचा खासगी ऐवज आहे. चाळीसपैकी किती फाइली पूर्ण आहेत, एवढा आकडा मागायचा.

आता भिशी. नेहमीच्या भिशीत बारा जण दर महिन्याला पैसे भरतात आणि एकाला उचल मिळते. इथे उलट करायचं. बारा जणांनी एकेक महिना वाटून घ्यायचा आणि आपल्या महिन्यात प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावाने, थेट संस्थेच्या खात्यात पैसे पाठवायचे. समजा, प्रत्येकी २०,००० रुपये. देणारा वर्षातून एकदाच देतो, संस्थेला बाराही महिने मिळतात.

‘सगळ्यांनी माझ्या खात्यात जीपे करा, मी पाठवतो’ हा सोपा वाटणारा रस्ता टाळावा. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात एकूण ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम भेट म्हणून आली तर ती सगळी तुमच्या उत्पन्नात धरली जाऊ शकते. लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाचा नियम लागतो. गणेश मंडळात काम केलेल्यांना ४१ क ची परवानगी माहीत असेलच. शिवाय परदेशी पैसे पाठवताना आपण ज्या घोषणेवर सही करतो, तिच्यात पैसा स्वतःचा आहे असं लिहिलेलं असतं. एकाच घरातल्या सख्ख्या भावंडांनी मिळून एक महिना घ्यायला हरकत नाही, जवळच्या नातेवाइकांच्या भेटींवर कर नाही.

आणखी एक गल्लत नेहमी होते. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला पुतण्या म्हणतो, मीही काही देतो, पुण्यातल्या खात्यात टाकू का? नको. इथल्या संस्थेने किंवा मंडळाने परदेशी नागरिकाकडून असे पैसे घेतले की एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा कायदा, आडवा येतो. त्याने आपल्या बँकेतून थेट केनियात पाठवावेत आणि भिशीतला एक महिना घ्यावा. त्याचे पैसे भारतात येण्याची गरजच नाही.

बँकेत काय लागतं? पॅन, परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म आणि उद्देशाचा कोड. धर्मादाय संस्थेसाठी एस १३०३. वैयक्तिक भेटीचा एस १३०२ वेगळा असतो, घाईत काउंटरवर तो टाकला जातो, म्हणून फॉर्म हातातून सोडण्यापूर्वी वाचायचा. भारतात राहणाऱ्या माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, तेव्हा ती मर्यादा आपल्याला कधीच आडवी येणार नाही. टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक जो कर कापून घेते त्याची, मर्यादा मात्र येऊ शकते. आर्थिक वर्षात एकूण १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस नाही, पण मुलाच्या परदेशी शिक्षणासाठी पाठवलेले पैसेही त्याच १० लाखांत मोजले जातात. ती मर्यादा ओलांडलेली असेल तर या देणगीवर २० टक्के कापले जातील. विवरणपत्रात ते वळते करून घेता येतात, पण तोवर पैसे अडकतात. अशा सभासदाने एप्रिल-मे महिना घ्यावा. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर ८० जीची सवलत नाही, हे भिशीत घेतानाच प्रत्येकाला सांगून टाकायचं.

केनियात आयबॅन, म्हणजे काही देशांत वापरतात तो आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, नसतो. खाते क्रमांक, स्विफ्ट कोड, बँकेचं आणि शाखेचं नाव एवढं लागतं. पैसे परत येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे नाव : फलकावर एक नाव, नोंदणीत दुसरं, खात्यावर तिसरं. खात्याचं अचूक नाव बँकेच्या शिक्क्याच्या पत्रावरून उतरवून घ्यायचं, व्हॉट्सअ‍ॅपच्या निरोपावरून नाही. सगळे आकार आपल्याकडून घ्यावेत म्हणजे ‘अवर’ हा पर्याय निवडायचा, नाहीतर मधली बँक तिचा हिस्सा कापून घेते आणि हिशेबात दर महिन्याला वेगळाच आकडा दिसतो. आपल्या बँकेचा आकार, मधल्या बँकेचा आकार आणि रुपयांचे डॉलर करताना लागणारा जीएसटी (लहान रकमेला किमान ४५ रुपये) मिळून दीड-दोन हजार सहज जातात, कधी त्याहून जास्त. दोन हजारांची देणगी पाठवली तर ती वाटेतच संपते. वर्षातून एकदा वीस हजार, हा आकडा त्यातूनच आला.

पैसे पोचले की मागायचं काय? फोटो नको. त्या महिन्याचा किराणा, पगार, औषधं, प्रवास असा चार ओळींचा हिशेब आणि पावत्या, एवढं पुरे. मुलांचे चेहरे, नावं, शाळेचा गणवेश ओळखू येईल असं काहीही आपल्या ग्रुपवर फिरवू नये. आपल्याकडे बाल न्याय कायद्यात अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे, केनियातही २०१९ चा माहिती संरक्षण कायदा आहे. शिवाय ते मूल उद्या मोठं होणार आहे, तेव्हा त्याचा फोटो कोथरूडमधल्या अनोळखी माणसाच्या फोनमध्ये कशाला असावा?

किराण्याचा हिशेब वाचायला शिकलं पाहिजे, कारण सगळ्यात मोठा खर्च तोच. रोजचं जेवण म्हणजे उगाली, उकळत्या पाण्यात मक्याचं पीठ घालून लाकडी चमच्याने घोटलेला घट्ट गोळा, सोबत सुकुमा विकी ही केलसारखी पालेभाजी. मका आणि घेवड्याच्या दाण्यांचं गिथेरी असतं. सकाळी उजी, ती बऱ्याचदा नाचणीची. तिथे नाचणीला विंबी म्हणतात आणि उजी बघितली की आपल्या आंबिलीची आठवण येते. मूगही असतात, एन्डेन्गु या नावाने, चपातीबरोबर.

एका मुलाला दिवसाला सरासरी ३०० ग्रॅम मका धरला तर चाळीस मुलांना १२ किलो. केनियात मक्याचं पोतं ९० किलोचं धरतात, म्हणजे एक पोतं साडेसात दिवस, महिन्याला चार. हिशेबात चारऐवजी सात दिसली तर रागावण्याआधी विचारायचं : कर्मचारी तिथेच जेवतात का, सुट्टीत वसतिगृहातली मुलं परत आली का? बहुतेक वेळा उत्तर साधं असतं.

मक्याचा खरा धोका ओलाव्याचा. हंगामात भाव पडले की वर्षाचा साठा करावा असं कुणालाही वाटतं, आपणच तसं सुचवतो. पण १३.५ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असलेल्या मक्यावर बुरशी धरते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. शिजवल्याने ते जात नाही. २००४ मध्ये पूर्व केनियात याच विषबाधेने १२५ माणसं दगावली. घरच्या घरी करायची एक चाचणी आहे. कोरडी काचेची बाटली घ्यायची, एक तृतीयांश मक्याने भरायची, त्यात दोन-तीन चमचे अगदी कोरडं मीठ टाकून दोन मिनिटं हलवायची आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवून द्यायची. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, पोतं परत करायचं. चिकटलं नाही तरी मका साठवणीजोगा झाला असं धरू नये, आणखी एक-दोन उन्हं द्यावीत. साठवण तीन पदरी हवाबंद पोत्यांत, जमिनीपासून वर, भिंतीपासून लांब. भिशीतले एका महिन्याचे पैसे अशा पोत्यांवर आणि फळ्यांवर खर्च झाले तर ते मक्याइतकेच कारणी लागतात.

आपलं शाळेचं वर्ष जूनचं, केनियातलं जानेवारीचं. एप्रिल, ऑगस्ट आणि वर्षाअखेर सुट्ट्या. गणवेश, बूट, वह्या यांचा भार डिसेंबरच्या शेवटी येतो, म्हणून भिशीतल्या एखाद्या सधन सभासदाला डिसेंबर द्यावा आणि रक्कम दुप्पट ठेवावी.

कपडे, खेळणी, जुने लॅपटॉप पाठवू नका. न्हावा शेवाहून मोंबासाला जहाज पोचायला फार दिवस लागत नाहीत, खरी अडचण बंदरात सुरू होते. करमाफीचा अर्ज माल निघण्याआधी मंजूर व्हावा लागतो, नाहीतर खोकी गोदामात पडून राहतात आणि भाडं रोज वाढतं. ते भरायला संस्थेकडे पैसे नसतात. जुन्या कपड्यांचा तर तिथे मितुंबा नावाचा भला मोठा बाजार आहे, मुलाला सदरा तिथे स्वस्तात मिळतो आणि पैसा गावातच राहतो.

प्रत्यक्ष जाऊन काम करायची इच्छा असणाऱ्यांना आम्ही आधी थोडं थांबायला सांगतो. दोन आठवड्यांसाठी जाऊन लहान मुलांना कडेवर घेणं, भरवणं, लळा लावणं आणि निघून येणं, याचा त्रास मुलांना होतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही डिसेंबर २०१९ च्या ठरावात बालगृहांतल्या अशा स्वयंसेवेच्या धोक्यांकडे लक्ष वेधलं. मुलांशी थेट संबंध न येणारी कामं करा : हिशेब टॅलीवर आणून देणं, सौरपंपाची दुरुस्ती शिकवणं, कर्मचाऱ्यांना प्रथमोपचार शिकवणं. यातली निम्मी कामं पुण्यात बसूनही होतात. जायचंच असेल तर पर्यटक म्हणून मिळालेल्या ईटीएवर, म्हणजे प्रवासाच्या ऑनलाइन परवानगीवर, काम करता येत नाही, संस्थेने इमिग्रेशनकडून परवाना काढावा लागतो. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं, फी ५०० रुपये. चांगली संस्था ते स्वतःहून मागते, न मागणाऱ्या संस्थेत जाऊ नका. पिवळ्या तापाची लस निघण्याआधी किमान १० दिवस, सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. दाखला नसेल तर परतताना विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. नैरोबी उंचावर आहे, तिथे मलेरिया कमी, पण किसुमूकडे व्हिक्टोरिया सरोवराकाठी भरपूर. गोळ्या डॉक्टरांना विचारून जाण्याआधीच सुरू करायच्या आणि परतल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण घ्यायच्या. लोक इथेच चुकतात.

राहिला सगळ्यात महत्त्वाचा खर्च, जो देणगीदारांना सहसा दिसत नाही : मुलाला घरी पोचवण्याचा. केनिया सरकारचं २०२२ ते २०३२ चं धोरणच मुलांना संस्थेतून कुटुंबात परत नेण्याचं आहे. आपल्याकडच्या बालसंगोपन योजनेमागचा विचारही असाच आहे. यासाठी लागतो तो समाजकार्यकर्तीचा पगार आणि बोडाबोडाचं, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीचं भाडं. ती आधी आजीचं घर बघते, तिथल्या शाळेत जागा आहे का ते विचारते, मूल सुट्टीत आठ दिवस राहून येतं, मग कायमचं जातं. त्यानंतर पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात भेट ठेवावी. भेटी थांबल्या की शाळा सुटते आणि मूल पुन्हा दारात येतं. म्हणून भिशीच्या बारा महिन्यांपैकी तीन महिने फक्त याच कामासाठी राखून ठेवा आणि संस्थेला तसं पत्राने कळवा. मुलांची संख्या कमी झाली म्हणून रक्कम कमी करणार नाही, हेही त्याच पत्रात लिहा. नाहीतर खाटा भरलेल्या ठेवण्यातच संस्थेचा फायदा राहतो.

महिन्यातून एकदा फोन ठरवताना घड्याळ नीट बघा. केनिया आपल्या अडीच तास मागे आहे, पुण्यात संध्याकाळचे साडेसात म्हणजे तिथे पाच. त्यातही स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात, आपल्याकडे पूर्वी सूर्योदयापासून घटका मोजायचे तसे. ‘सा मोजा’ म्हणजे शब्दशः एक वाजता, पण अर्थ सकाळी सात. स्वयंपाकघरातल्या बाईंशी बोलायचं असेल तर वेळ आकड्यांत लिहून पाठवा, सोबत ‘असुबुही’ म्हणजे सकाळ, किंवा ‘जिओनी’ म्हणजे संध्याकाळ.