गौरीपूजनाच्या दिवशीची ड्युटी आणि टिकल्यांच्या डबीतल्या गोळ्या

गणपतीत आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तापाचे आणि जुलाब-उलट्यांचे पेशंट वाढतात हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण रोजची गोळी मुंबईला विसरून आलेले किती जण असतात ते आम्हालाच ठाऊक. दाभोळ खाडीच्या कडेचं गाव, एरवी निम्मी घरं कुलपात, चतुर्थीच्या दोन दिवस आधी चाकरमानी उतरले की एकेका घरात पंचवीस-तीस माणसं, हायवेला बारा-पंधरा तास अडकून आलेली, बॅगेत मोदकाचा साचा बरोबर असतो पण गोळ्यांचं पाकीट नालासोपाऱ्याला फ्रीजवर राहिलेलं. बीपीची गोळी एखादा दिवस चुकली तर बहुतेक वेळा निभावून जातं. फिटची चुकली तर निभेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. मी इथे स्टाफ नर्स आहे आणि दरवर्षी या दिवसांत एखादी तरी फिटची केस येतेच. पण ज्या केसबद्दल लिहितेय त्यात गोळ्या मुंबईला राहिल्या नव्हत्या, त्या घरातच होत्या, फक्त घ्यायला जागा नव्हती.

गौरीपूजनाचा दिवस, सकाळचे साडेदहा झाले असतील. वडापवाल्याने गाडी थेट पोर्चमध्ये घातली आणि चार माणसांनी एका मुलीला उचलून आत आणलं. नवी नवरी, वैशाखात लग्न झालेलं, गौरीला सुपाचं वाण द्यायचा पहिला ओवसा, त्यामुळे काठपदराची साडी, डोक्यात गजरा आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा. ओठ फाटून रक्त येत होतं आणि पुढच्या दाताचा टवका उडालेला. तो फिटने नव्हता उडाला, घरात कोणीतरी दातखीळ उघडायला स्टीलचा चमचा घातलेला. कांदा हुंगवून झाला होता, चप्पल हुंगवून झाली होती. देवाला कौल लावणारा घाडी येऊन गाराणंही घालून गेला होता आणि एवढं सगळं होईपर्यंत दुसरी फिट गाडीत येऊन गेली होती. सासू सारखी म्हणत होती, "काय झाला गो तुला, सणासुदीचा बाहेरचा काय लागला माझ्या सुनेला."

टेबलावर घेतलं आणि तिसरी सुरू झाली.

मी आधी घड्याळ बघितलं. नवीन एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका, मुलींनाही मी हेच सांगते, फिट चालू असताना एक मिनिट सुद्धा दहा मिनिटांसारखं वाटतं म्हणून अंदाजावर जायचं नाही, पाच मिनिटांच्या वर गेली किंवा शुद्ध न येता लागोपाठ आली तर ती इमर्जन्सी. कुशीवर वळवलं, तोंडातला फेस नि रक्त वाहून जाऊ दिलं, ऑक्सिजन लावला, बोटातून शुगर बघितली, ती ठीक. शीर घ्यायला गेले तर हात झटके देतोय, बांगड्या फुटतायत, काचा माझ्या ग्लोव्हजमध्ये. डॉक्टर म्हणाले, "शिरेच्या नादी लागू नका, मिडॅझोलाम मांडीत द्या." फिट थांबवणारं इंजेक्शन ते, दहा मिलिग्रॅम, चाळीस किलोच्या वरच्या माणसाला स्नायूत देता येतं, आणि अशा वेळी शीर शोधत बसण्यापेक्षा ते लवकर पोचतं. थोड्या वेळात हातपाय सैल पडले, श्वास नीट चालू झाला, मग शांतपणे कात्रीच्या मुठीने उरलेल्या बांगड्या वाढवल्या आणि शीर घेतली. सासूला ते बघवलं नाही, ती बाहेर गेली.

तेवढ्यात डॉक्टरांचा पुढचा प्रश्न, "पाळी कधी आली होती?" लग्न होऊन चार महिने, तरुण मुलगी, फिट, म्हणजे आधी गरोदरपणातलं एक्लॅम्प्सिया, म्हणजे बीपी वाढून येणारी फिट, नाही ना हे बघावं लागतं कारण त्याचं औषध वेगळं, तिथे मॅग्नेशियम सल्फेट द्यावं लागतं. बीपी नॉर्मल आलं. कॅथेटरने घेतलेल्या लघवीत प्रोटीन नाही, प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह. घरच्यांना विचारलं, आधी कधी असं झालंय का, लहानपणी, ताप असताना? सगळ्यांनी एकसुरात नाही सांगितलं. आणि ते खरंच सांगत होते, त्यांना माहीतच नव्हतं. एकटा नवरा भिंतीला टेकून उभा होता तो काही बोलला नाही.

कपडे बदलायचे होते. नणंद बारावीला सायन्सला, चटपटीत पोरगी, ती वहिनीची पिशवी घेऊन आली. टॉवेल काढताना आतून टिकल्यांची एक गोल प्लास्टिकची डबी पडली आणि झाकण उघडलं. आत टिकल्या नव्हत्या. कापसावर सात-आठ लांबट गोळ्या, पण एकमेकींना चिकटलेल्या, कडा फुगलेल्या, वरचं कोटिंग सुटून बोटाला चिकट लागत होतं. भाद्रपदातली आमच्याकडची हवा म्हणजे मीठसुद्धा बरणीत पाणी धरतं. मी डबी डॉक्टरांच्या हातात दिली. ते म्हणाले, "व्हॅलप्रोएट असणार." सोडियम व्हॅलप्रोएट हे फिटचं औषध हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून ती गोळी घ्यायच्या क्षणापर्यंत स्ट्रिपमधून काढायचीच नसते. हिने सगळ्या काढून ठेवल्या होत्या. स्ट्रिपवर नाव असतं ना, आणि घरात सायन्सची नणंद, फोनवर नाव टाकून बघायला तिला कितीसा वेळ लागला असता.

तासाभराने ती भानावर आली. डोकं जड, अंग ठेचल्यासारखं, जीभ चावलेली त्यामुळे बोलणं अडखळत. मी दार लोटून घेतलं आणि डबी दाखवली. रडली नाही ती. फक्त म्हणाली, "सिस्टर, घ्यायला जागाच नाही ओ मिळायची."

मग हळूहळू सगळं निघालं. चौदाव्या वर्षापासून फिट, माहेर खेडजवळ. औषधावर तीन वर्षांच्या वर एकही आलेली नाही. डोस ५०० मिलिग्रॅम सकाळी, ५०० रात्री. लग्नानंतर सकाळची सुटली कारण सकाळी चुलीपाशी सासू, चुलत सासू, नणंद, पाण्याचा तांब्या उचलला तरी कोणीतरी बघतंच. रात्रीची मात्र घेत होती. मग हरतालिका आली, निर्जळी उपास, त्या दिवशी रात्रीचीही नाही. दुसऱ्या दिवसापासून घर पाहुण्यांनी भरलं, तिच्या खोलीत सहा बायका झोपायला, पिशवी उघडायची सोय नाही. गौर आली त्या रात्री पहाटेपर्यंत फुगड्या, झोप शून्य, आणि सकाळी ओवशाच्या आधी पोटात काही नाही. म्हणजे आधी अर्धा डोस, मग पूर्ण बंद, वर जागरण आणि उपास. ज्या ज्या गोष्टी फिटच्या पेशंटने टाळायच्या त्या एका आठवड्यात एकावर एक आल्या. आणि जी गोळी ती रात्री घेत होती ती डबीत राहून कितपत कामाची उरली होती हाही प्रश्नच.

लोकांना वाटतं औषध चालू असून फिट आली म्हणजे औषध लागू पडत नाही. मी जे बघते त्यात बऱ्याच वेळा औषध बरोबर असतं, डोस बरोबर असतो, मध्ये खंड पडलेला असतो. आणि हा खंड साधा नसतो. मेंदूला त्या औषधाची सवय झालेली असते, ते एकदम काढून घेतलं की कधीकधी मूळ आजारात आल्या नसत्या तेवढ्या फिट लागोपाठ येतात, थांबतच नाहीत, माणूस जातो त्यात. म्हणून फिट थांबल्या तरी निदान दोन वर्षं औषध चालू ठेवून मगच बंद करायचा विचार करतात, आणि तेही डॉक्टरांनी ठरवून, महिनोन्महिने थोडं थोडं कमी करत. एखादी गोळी विसरली तर आठवल्याबरोबर घ्यायची, पण पुढच्या गोळीची वेळच आली असेल तर एकच घ्यायची, दोन एकदम नाही. हे मी ओपीडीत इतक्या वेळा बोलते, तरी दर वेळी नव्याने सांगावंसं वाटतं.

तिच्या भावाने माहेरून कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. डॉक्टरांनी तो मोठा करून वाचला आणि खालच्या दोन ओळींवर बोट ठेवलं. न्यूरोलॉजिस्टने, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांनी, इंग्रजीत लिहिलं होतं की लग्न ठरलं की आणि मूल होऊ देण्याआधी येऊन भेटा, गोळी बदलायची आहे. कोणी वाचलंच नव्हतं, घरात फक्त गोळीचं नाव बघून मेडिकलमधून आणत होते. व्हॅलप्रोएट फिटवर चांगलं औषध आहे, पण गरोदरपणात घेतलं तर शंभरातल्या साधारण दहा बाळांमध्ये जन्मजात दोष सापडतात, पाठीच्या कण्याचे वगैरे, आणि तीस-चाळीस मुलांच्या वाढीत, शिकण्या-बोलण्यात अडचण येते. लग्न झालेल्या, होणाऱ्या मुलीला आणि तिच्या घरच्यांना हे तिच्या भाषेत समोर बसवून सांगायला हवं, कागदावर लिहून भागत नाही. पण हे ऐकून घाबरून आपल्या मनाने गोळी टाकणं त्याहून धोक्याचं, कारण फिटमध्ये आई पडली तर बाळही पडतं.

आता घरच्यांना सांगायचं कसं. डॉक्टरांनी तिला सरळ विचारलं, "तुझा आजार आहे, कोणाला सांगायचं ते तू ठरव, तुझ्या परवानगीशिवाय मी कोणाला काही सांगणार नाही." ती म्हणाली, "ह्यांना बोलवा." नवरा आत आला आणि मान खाली घालून म्हणाला, "मला माहीत होतं. तिने बघायला गेलो तेव्हाच सांगितलेलं. आयेला नको सांगूस असं मीच म्हटलं." मुंबईला खोली लहान म्हणून बायको गावी ठेवली होती, म्हणजे गुपित सांभाळायचं सगळं ओझं हिच्या एकटीच्या डोक्यावर. मला राग आला होता हे खरंच सांगते, पण पुढे त्याने जे केलं ते सोपं नव्हतं. बाहेर जाऊन पोर्चमध्ये सगळ्यांसमोर आईला सगळं सांगितलं, "माझा शब्द होता म्हणून ती गप्प राहिली."

चुलत सासरे उसळले. "फसवलानी आम्हाला! फिटवाली पोरगी, कायद्याने लगीन मोडता येतं." डॉक्टर शांतपणे बाहेर आले आणि म्हणाले, पूर्वी हिंदू विवाह कायद्यात तसं कलम होतं काका, १९९९ साली ते काढून टाकलंय, फिट आहे म्हणून लग्न रद्द होत नाही. आणि ज्याच्याशी लग्न झालं त्याला तर पहिल्यापासून माहीत आहे. काका पुढे काही बोलले नाहीत, पण सासूही बोलेना. बाकड्यावर बसून राहिली, घरी गौर वाट बघतेय, नैवेद्य राहिलाय, लोक चल म्हणतायत तरी उठेना. १०८ येईपर्यंत पाऊण तास गेला, आम्ही डेरवणच्या मोठ्या हॉस्पिटलला पाठवायचं ठरवलं होतं कारण स्कॅन आणि पुढचं औषध तिथेच होणार. स्ट्रेचर गाडीत चढवताना सासू उठली, माझ्यापाशी आली आणि विचारलं, "ती गोळी जेवणाच्या आधी द्यायची का जेवल्यावर?"

म्हटलं, जेवल्यावर द्या, पोटाला त्रास कमी होतो, आणि अख्खी गिळायची, तोडायची चावायची नाही, कारण ती हळूहळू सुटणारी गोळी आहे, तोडली की सगळं औषध एकदम सुटतं. तिने दोनदा म्हणून पाठ केलं. मग म्हणाली, "नि घाडी बोलला नारळ ठेवा देवाला." म्हटलं ठेवा की, नारळ पण ठेवा आणि गोळी पण द्या, फक्त दोन्हींतली गोळी चुकवू नका. श्रद्धेवर भांडण काढायचं ते ठिकाणही नव्हतं आणि कारणही नव्हतं. आमच्याकडे जे देवावर विश्वास ठेवतात त्यांनी औषध सोडलं नाही तर माझी काही तक्रार नाही.

डेरवणहून ती पाच दिवसांनी आली. तिथे लेव्हेटिरॅसिटॅम हे फिटचंच दुसरं औषध सुरू केलं, आधी दोन्ही गोळ्या बरोबर आणि मग काही आठवड्यांत व्हॅलप्रोएट टप्प्याटप्प्याने कमी करायचं असं ठरलं, सोबत फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम. दर टप्प्याची तारीख मी तिच्या घरच्या कॅलेंडरवर पेनाने गोल करून दिली. गोळ्या आता स्ट्रिपमध्येच, झाकणाच्या डब्यात, स्वयंपाकघरातल्या मांडणीवर, पण चुलीपासून लांब. फिट आटोक्यात आहेत याची खात्री होईपर्यंत खाडीवर कालवं काढायला एकटीने जायचं नाही, विहिरीवर एकटीने जायचं नाही, आंघोळ करताना आतून कडी नाही, हेही सांगितलं. आणि आठवड्याच्या गोळ्या उरल्या की पुढच्या आणायच्या, कारण पावसात आमचा रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही.

सासूला मी बाजूला घेऊन आणखी एक सांगितलं होतं. ही नवी गोळी काही जणांना चिडचिड आणते, मन उदास करते, तसं दिसलं तर सुनेचा स्वभाव बदलला असं धरून बसू नका, आम्हाला येऊन सांगा. कार्तिकात एका सोमवारी सासू ओपीडीच्या लाइनीत एकटीच उभी. नंबर आल्यावर डॉक्टरांसमोर बसून म्हणाली, "पोरगी चिडते हल्ली, नि रात्रीची रडते. तुम्ही सांगितलंत तसाच आहे, तिचा दोष नाय. गोळी बंद करू नको म्हटलंय तिला, आधी तुम्हाला विचारते म्हटलं." डॉक्टरांनी तिथूनच न्यूरोलॉजिस्टला फोन लावला, सुनेशी फोनवर बोलले, डोस कसा बदलायचा ते कागदावर मराठीत लिहिलं आणि तो कागद मी सासूला दोनदा वाचून दाखवला.