वीतभर उंचीवरचा वसंत

वसंत आपण मान वर करून बघतो. माळाच्या कडेला पळस फुललेला असतो, पांगाऱ्यावर साळुंक्यांचं भांडण चाललेलं असतं, बांधावरच्या आंब्याला यंदा कैरी किती धरली याचा अंदाज येताजाता घेतला जातो. सोबतच्या कुत्र्याला यातलं फारसं काही दिसत नाही. त्याचा वसंत जमिनीपासून एक वीत उंचीवर असतो. पळसाची फुलं झाडावर असेपर्यंत त्याला त्यांचं सोयरसुतक नसतं. खाली पडलेल्या फुलांवरून रात्री कोण गेलं, मुंगूस की मांजर, याची मात्र पक्की चौकशी होते. तासगाव-आटपाडीपासून माण-खटावपर्यंतच्या कोरड्या रानात फाल्गुन ते वैशाख कुत्र्याला रोज फिरवायचं, तर मनानं तरी त्या उंचीवर उतरावं लागतं. या दिवसांतल्या गमतीही तिथंच असतात आणि धोकेही.

पहिली गोष्ट वेळेची. मार्चमध्ये इकडं पहाटे 16-18 अंश असतं आणि दुपारी 37-38. फाल्गुनात सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो, चैत्र संपेस्तोवर सव्वासहाच्या आत. म्हणजे रोज थोडं थोडं लवकर निघायला हवं, आणि माणसाचा आळस नेमका उलट्या दिशेनं सरकत असतो. उजाडताना निघून साडेसात-पावणेआठपर्यंत परत, हे वेळापत्रक चैत्रात पाळलं तर बरीच दुखणी टळतात. आठनंतर आपल्या छातीजवळ वारा अजून गार लागत असतो, पण वीतभर उंचीवर मुरुमाची धग सुरू झालेली असते. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांना. बाकी सगळी उष्णता त्याला धापा टाकून बाहेर काढायची असते, आणि आत घ्यायची हवाच तापलेली असेल तर त्या धापांचा उपयोग निम्मा होतो.

संध्याकाळ जास्त फसवी. साडेपाचला ऊन उतरलं म्हणून लोक निघतात, पण दिवसभर तापलेला डांबरी रस्ता तेव्हा थंड झालेला नसतो. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून सावकाश सातपर्यंत मोजावं. हात ठेववला नाही, तर कुत्र्यालाही त्यावरून नेऊ नये. आपण चपला घालून हा हिशेब विसरतो. चैत्र-वैशाखात संध्याकाळची फेरी दिवेलागणीनंतर, छोटी आणि मातीच्या वाटेवरून करावी. लांबचं चालणं सकाळसाठी राखून ठेवावं.

निरोगी कुत्र्याचं तापमान 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं. ते 41 च्या पुढं गेलं की मामला जिवावरचा. जीभ नेहमीपेक्षा रुंद होऊन टोकाला पसरते, लाळ घट्ट आणि चिकट होते, हिरड्या गडद लाल दिसतात, मागचे पाय लडखडतात. अशा वेळी सावलीत घेऊन सगळ्या अंगावर पाणी ओतत राहायचं आणि वारा घालायचा. ओलं पोतं अंगावर टाकून स्वस्थ बसायची पद्धत मात्र घातक आहे. पोतं थोड्याच वेळात गरम होतं आणि उष्णता आतच कोंडून राहते. कुत्रं उठून शेपूट हलवायला लागलं तरी डॉक्टरकडे न्यायचंच, कारण मूत्रपिंड आणि रक्त यांतला बिघाड पुढच्या एक-दोन दिवसांत दिसतो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना ही वेळ सगळ्यात आधी येते. उन्हाळ्यात बर्फाळ मुलखातला हस्की पाळणाऱ्यांबद्दल काय बोलावं? त्यांचं चालणं पहाटे पाचला संपलेलं बरं. आणि गार वाटावं म्हणून केसाळ कुत्र्याचा चकोट करू नये. तो केसांचा थर ऊनही अडवत असतो.

पाण्याचा हिशेब सोपा आहे: किलोमागे दिवसाला साधारण 50-60 मिली, उन्हाळ्यात त्याहून जास्त. म्हणजे 20 किलोच्या कुत्र्याला एक-सव्वा लिटर तर हवंच. तासाभराच्या फेरीला अर्धा लिटरची बाटली आणि नारळाची करवंटी पुरते. करवंटी फुटली तरी दुःख नाही. जेवण परतल्यावर, धाप पूर्ण बसून अर्धा-पाऊण तास झाला की द्यावं. भरल्या पोटी पळवलं तर कारवानीसारख्या सडपातळ, खोल छातीच्या शिकारी कुत्र्याचं पोट फुगून त्याला पीळ पडू शकतो, आणि त्याला घरगुती औषध नाही.

आता कुसळं. माळावरचं कुसळी गवत पावसाळ्यानंतर पिकतं आणि वसंतात त्याची कुसळं खडखडीत वाळून वाटेच्या दोन्ही कडांना तयार उभी असतात. कुसळाचं टोक टाचणीसारखं, त्याच्यावर मागं वळलेली ताठ लव, आणि शेवटी पीळ पडलेली काळपट शेपटी. ही शेपटी दमट झाली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि त्या फिरण्यानं टोक आत आत घुसतं. निसर्गानं बी मातीत रुजवायला केलेली सोय ही. कुत्र्याच्या बोटांमधली ओलसर कातडी आणि माती यांतला फरक कुसळाला कळत नाही. लव मागं वळलेली, त्यामुळे ते पुढंच सरकतं, मागं येत नाही. बोटांच्या बेचक्यात शिरलेलं कुसळ पायात वरपर्यंत जाऊन गळू करतं, आणि गळू फोडूनही कुसळ आत राहिलं तर पुन्हा भरतं.

लक्षणं ओळखायला सोपी आहेत. चालून आल्यावर कुत्रं एकच बोट सारखं चाटतंय, तर कुसळ बेचक्यात आहे. अचानक डोकं झटकतंय आणि मान एका बाजूला कलती ठेवतंय, तर कानात. एकामागून एक दहा-बारा शिंका आणि एका नाकपुडीतून रक्ताचा थेंब, तर नाकात. बेचक्यातलं वर दिसत असेल तर चिमट्यानं, ज्या दिशेनं शिरलं त्याच्या बरोबर उलट ओढून काढावं. कानातलं आणि नाकातलं डॉक्टरनंच काढायचं. कानात काडी घालणारा माणूस ते पडद्याकडे ढकलत असतो. फाल्गुन लागताच बोटांमधले आणि कानाच्या तोंडाशी असलेले केस कापून टाकले की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं वाट निवडण्यात आहे. गवतातली पायवाट सोडून पाणंद किंवा गाडीवाट धरावी, जिथं बैलांनी आणि ट्रॅक्टरनी मधलं गवत बसवून टाकलंय. सराटे तिथंही असतात, पण सराटा प्रामाणिक. रुतला की कुत्रं तीन पायांवर उभं राहून लगेच तक्रार करतं.

गोचीड मात्र तक्रार करू देत नाही. उन्हाची ऊब वाढली की त्याची वीण वाढते, आणि एक मादी हजारांच्या हिशेबात अंडी घालते. कानाच्या पाळीआड, पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, बोटांत आणि शेपटीच्या मुळाशी, याच क्रमानं रोज बोटं फिरवायची. सापडला की कातडीला अगदी लगटून चिमट्यानं धरायचा आणि सरळ, सावकाश ओढायचा. रॉकेल लावणं, उदबत्तीचा चटका देणं हे प्रकार करू नयेत. मरताना तो पोटातलं कुत्र्याच्या रक्तात ओकतो, आणि त्यातूनच गोचीडतापाचे जंतू जायचा धोका असतो. काढलेला गोचीड बोटांत चिरडूही नये, साबणाच्या पाण्यात बुडवावा. ताप, खाणं सुटणं, हिरड्या पांढऱ्या पडणं किंवा लघवी तांबडी होणं, यांतलं काहीही दिसलं तर रक्त तपासून घ्यावं. पंधरा दिवसांपूर्वी एकच तर गोचीड निघाला होता, हा युक्तिवाद कामाचा नाही.

तासगाव भागात वीतभर उंचीवरचा सगळ्यात गोड धोका म्हणजे द्राक्षं. फेब्रुवारी ते एप्रिल बागा उतरत असतात, वेलीखाली मण्यांचा सडा पडलेला असतो आणि बेदाण्याच्या शेडभोवती वारा पडला तरी गोड वास हटत नाही. कुत्र्याला द्राक्ष विषारी असतं. किती खाल्ल्यानं बाधेल याचा नेम नाही. एक कुत्रं ओंजळभर पचवतं आणि दुसऱ्याची मूत्रपिंडं मूठभरानं बंद पडतात. बेदाणा वाळून घट्ट झालेला, म्हणून आणखी वाईट. 2021 पासून संशयाची सुई टार्टारिक आम्लाकडे वळली आहे, आणि हे आम्ल ज्यात ठासून भरलंय ती चिंचसुद्धा याच दिवसांत झोडतात. तेव्हा चिंचेखाली पडलेले आकडे कुत्र्याला चघळू देऊ नयेत. द्राक्षं खाल्लेली दिसली तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या फंदात न पडता दोन तासांच्या आत डॉक्टर गाठावा. उलट्या पहिल्या दिवशी दिसतात, लघवी बंद होते ती नंतर, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

बागेच्या कडेला टाकलेली एरंडीची पेंड हा दुसरा सापळा. तिचा वास कुत्र्याला खाऊसारखा येतो आणि तिच्यातलं विष जीव घेतं. पेंड नुकतीच घातलेल्या रानातून जाऊच नये. आणि या दिवसांतला तिसरा, आपल्या हौसेचा धोका म्हणजे यात्रा. चैत्रात गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की बोकडाच्या पंगती उठतात आणि दुसऱ्या दिवशी उकिरड्यापासून ओढ्यापर्यंत हाडं. शिजलेलं हाड चावलं की त्याच्या धारदार चिलपा निघतात, त्या घशात नाहीतर आतड्यात रुततात. यात्रेनंतरचे तीन-चार दिवस दोर आखूड धरायचा आणि वाट गावाच्या उलट्या दिशेची घ्यायची. ‘सोड’ हा एक शब्द कुत्र्याला नीट शिकवलेला असला, तर हात देणं, बसणं, लोळणं या बाकीच्या कसरती नाही आल्या तरी चालतात.

दोराबद्दल थोडं. लोखंडी साखळी जड असते आणि उन्हात तापते. मोकळ्या माळावर पाच मीटरचा सुती दोर आणि छातीचा पट्टा उत्तम. गळ्यातला पट्टा असेल तर त्याखाली दोन बोटं जायला हवीत. मोकळं सोडण्याचा मोह कारवानी असेल तर फारच होतो, कारण ते कुत्रं पळताना बघणं हे सुखच आहे. पण त्याला ससा आपल्या कितीतरी आधी दिसतो, आणि एकदा सुटलं की हाक त्याच्या कानात शिरत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कुत्रं लावून पाठलाग करणं हीसुद्धा शिकारच आहे. शिवाय वसंत हा माळावरच्या पाखरांचा विणीचा काळ. माळटिटवी, धाविक, पखुर्डी यांची अंडी उघड्या जमिनीवर, खड्यांत खडे होऊन पडलेली असतात. माळटिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि त्यांनी अंडी गार ठेवते. कुत्र्यामुळे ती अंड्यांवरून उठून गेली, तर चैत्रातल्या नऊच्या उन्हात तेवढा वेळही अंड्यांना महाग पडतो. ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली की घरटं जवळ आहे असं समजून आल्या वाटेनं मागं फिरावं.

दोर हवा याचं आणखी एक कारण म्हणजे शेततळी. प्लास्टिक अंथरलेल्या उतारावर तहानलेलं कुत्रं सहज खाली जातं आणि वर मात्र येऊ शकत नाही. नखं रुततच नाहीत. दमून बुडायला फार वेळ लागत नाही. माणसानं उडी मारली तर दोघंही अडकतात. ठिबकची जाड नळी, शिडी, नाहीतर फांदी आत सोडावी. कठडा नसलेल्या जुन्या विहिरींचंही तसंच.

ज्वारी निघालेल्या रानात मेंढरं बसवलेली असतील, तर वाट आपण बदलायची. धनगराची कुत्री कळपापासून ठरावीक अंतरापर्यंतच अंगावर येतात. ती हद्द ओलांडली नाही तर नुसतं भुंकून परत जातात. आपलं कुत्रं लहान असलं तरी उचलून घेऊ नये, मग ती आपल्याच अंगावर उड्या मारतात. थांबावं, धनगराला हाक घालावी, आणि त्यानं ‘या, या’ म्हटल्याशिवाय पुढं पाऊल टाकू नये.

सापाची भीती बाळगावी ती दगडी बांधाशी आणि झुडपाच्या बुडाशी. फुरसं दगडाखाली असतं, घोणस पाचोळ्यात. कुत्रं नाकानं चौकशी करतं म्हणून दंश बहुतेक वेळा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो आणि थोड्याच वेळात ती बाजू सुजते. आवळून बांधू नये, चिरू नये, कुत्र्याला चालवू नये. उचलून न्यावं. माणसाला देतात तीच प्रतिविषाची लस कुत्र्यालाही चालते, पण ती जवळच्या कोणत्या डॉक्टरकडे असते हे फाल्गुनातच विचारून ठेवावं. दंश झाल्यावर फोन लावत बसायला वेळ नसतो.

मग वैशाखात कधीतरी वळीव येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी विंचू आणि साप दोन्ही बाहेर पडलेले असतात, म्हणून बांध टाळायचा. पण वाट नेहमीची असली तरी दर चार पावलांना थांबावं लागतं, कारण महिनाभर कोरडे पडलेले सगळे वास पाण्यानं एकदम उठवलेले असतात. त्या सकाळी नेहमीच्या अर्ध्या वाटेवरूनच परत फिरायचं ठरवून निघावं. वेळ तेवढाच लागतो, आणि ढगाळ असेल तर थोडा जास्तही देता येतो. घरी आल्यावर मात्र कंगव्याआधी टॉवेल लागेल, कारण चिखल ओला असताना बेचक्यातलं कुसळ दिसत नाही.