रिलीज नोट्समधली ती एक ओळ

मध्यंतरी एका रात्रीच्या शिफ्टला आमच्या सर्व्हर मॅनेजमेंट सॉफ्टवेअरचा नवा अपडेट एकदाचा टाकला. नाव मुद्दाम सांगत नाही, एक तर पुढे थोडं भांडणार आहे त्याच्याशी, आणि दुसरं म्हणजे यातलं बरंचसं आजकाल सगळ्याच व्हेंडरच्या टूलमध्ये थोड्याफार फरकाने येतंय, त्यामुळे तुमच्याकडे वेगळं असलं तरी ओळखीचं वाटेल. रिलीज नोट्सची, म्हणजे काय काय बदललंय त्याची, पीडीएफ भली मोठी होती. कोणी वाचत नाही ती. मी वाचली, कारण प्रोग्रेस बार ६३ टक्क्यांवर येऊन जो बसला तो हलेचना, आणि मधेच बंद करायची हिंमत नव्हती.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रत्येक सर्व्हरच्या मदरबोर्डवर एक छोटा वेगळा कॉम्प्युटर असतो, बीएमसी म्हणतात त्याला. त्याचा प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी, बहुतेक वेळा नेटवर्कचा पोर्टही वेगळा. सर्व्हर बंद असला तरी प्लग लावलेला आहे तोवर हा जागा असतो. डेलवाले त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीईवाले आयएलओ, नाव काहीही असो काम तेच, म्हणजे लांबून चालू-बंद करणं, तापमान बघणं, कन्सोल म्हणजे सर्व्हरचा स्क्रीन उघडणं, फर्मवेअर म्हणजे हार्डवेअरच्या आतलं सॉफ्टवेअर टाकणं. आणि असे शेकडो बीएमसी एका जागेवरून हाकायचे तर वर एक सॉफ्टवेअर लागतं. मी बोलतेय ते हे सॉफ्टवेअर.

तर पहिल्या पानावर अर्थातच एआय असिस्टंट. म्हणजे चॅटमध्ये विचारायचं की बाबा कुठल्या सर्व्हरचा फॅन खराब आहे आणि तो सांगणार. सांगतो, खोटं कशाला बोलू. पण तेवढं टाइप करेपर्यंत फिल्टर लावून माझं बघून झालेलं असतं. डार्क मोडही आलाय, रात्री डोळ्यांना बरं वाटतं, बास.

अलर्टचं मात्र खरंच सुधारलंय. आधी काय व्हायचं, एका रॅकचा, म्हणजे सर्व्हरच्या कपाटाचा, एक पॉवर फीड (विजेची लाइन) गेला की त्या रॅकमधला प्रत्येक सर्व्हर स्वतंत्र बोंब मारायचा, पॉवर सप्लायची रिडंडन्सी, म्हणजे दुसऱ्या लाइनचा आधार, गेली म्हणून. मिनिटभरात मेलबॉक्समध्ये चाळीस मेल, आणि त्यात एखाद्या सर्व्हरची डिस्क खरोखर गेलेली असली तर ती कुठे दिसणार. आता ते सगळं एका घटनेखाली गोळा होतं, वर लिहून येतं की या पीडीयूवरचे (रॅकमध्ये वीज वाटणाऱ्या पट्टीवरचे) इतके सर्व्हर एका फीडवर चाललेत. छान आहे. फक्त एक मेख आहे, कुठल्या सर्व्हरची कुठली वायर कुठल्या पीडीयूत जाते हे त्याला आपण सांगायचं. आमच्याकडे त्याची शीट आहे, वर्षानुवर्षं जपलेली, आणि ती चुकीची निघाली. दोन रात्री मी टॉर्च घेऊन रॅकच्या मागे बसले होते, गरम हवा थेट तोंडावर, एकेक वायर बोटांनी वरपासून खालपर्यंत चाचपत. एका सर्व्हरच्या दोन्ही वायरी एकाच पीडीयूत घातलेल्या होत्या. एकीवर लेबल ए, दुसरीवर बी, लेबलं अगदी नीट प्रिंट करून चिकटवलेली, आणि दोन्ही जातायत ए मध्ये. म्हणजे कागदावर डबल पॉवर आणि प्रत्यक्षात एक ब्रेकर पडला की खेळ खल्लास. हे काही सॉफ्टवेअरने पकडलं नाही हं, पण त्याच्यासाठी माहिती भरायला बसले नसते तर मलाही कळलं नसतं.

सिक्युरिटीत मोठा बदल म्हणजे नवीन टेम्प्लेटमध्ये (सेटिंगच्या तयार साच्यात) आयपीएमआय, म्हणजे बीएमसीशी नेटवर्कवरून बोलायची जुनी पद्धत, आपोआप बंद. याला माझा पूर्ण पाठिंबा. हा प्रोटोकॉल १९९८ चा, त्याची २.० आवृत्ती २००४ ची, आणि तिच्यात लॉगिनची रचनाच अशी आहे की समोरच्याने नुसतं बरोबर यूजरनेम दिलं तरी बीएमसी पासवर्डपासून बनवलेला हॅश (ज्याच्यावरून पासवर्ड ताडून बघता येतो असा कोड) त्याच्या हातात देऊन मोकळा होतो, लॉगिन पूर्ण व्हायच्या आधीच. मग तो घरी नेऊन निवांत फोडत बसायचा. रचनेतच असल्यामुळे पॅच टाकून जाणारी गोष्ट नाही ही, बंद करणं किंवा मॅनेजमेंटचं नेटवर्क एकदम वेगळं ठेवणं एवढंच हातात. त्याच्या जागी आता त्याच कामाचं रेडफिश, २०१५ मध्ये आलेलं, एचटीटीपीएसवर जेसन (साध्या मजकुरात मांडलेली माहिती) पाठवायचं, कुठल्याही भाषेतून स्क्रिप्ट लिहा. तर मी मोठ्या उत्साहात टेम्प्लेट लावलं आणि सकाळी तापमानाचे सगळे ग्राफ सपाट. का, तर आमची कधीची तरी लिहिलेली एक स्क्रिप्ट आयपीएमआयनेच तापमान वाचत होती. कोणी लिहिली म्हणून शोधलं तर मीच. असो, रेडफिशवर नेली, तासाभराचं काम होतं जे मी कितीतरी वर्षं टाळत होते.

सर्टिफिकेटचंही (ब्राउझरला बीएमसीची ओळख पटवतं ते) आता आपोआप होतं, म्हणजे आपल्या आतल्या सीएकडून, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेकडून, बीएमसी स्वतः सर्टिफिकेट घेतो आणि मुदत संपायच्या आत नवीन करतो. आजवर प्रत्येक बीएमसी उघडताना ब्राउझर लाल पान दाखवायचा आणि आम्ही न वाचता पुढे जा दाबायचो, ती सवय किती वाईट आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे दाबत होते. कन्सोल पण आता साध्या ब्राउझरमध्ये उघडतो. तुमच्यापैकी कोणी अजून जुनं जावा टाकलेला एक लॅपटॉप फक्त कन्सोलसाठी सांभाळून ठेवला असेल तर तुमचं दुःख मला कळतं.

आता ती ओळ. पीडीएफच्या शेवटाकडे, छोट्या सुधारणा अशा मथळ्याखाली, एकच वाक्य: फर्मवेअर जॉब चालवण्याआधी त्याचा परिणाम बघता येईल.

फर्मवेअर हा प्रकार म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. चालतंय ना, मग कशाला हात लावा म्हणणारे लोक आमच्याकडेही आहेत आणि त्यांचं म्हणणं मला पटतं सुद्धा, पण मग २०१९ आठवतं. एचपीईने त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये कळवलं होतं की त्यांच्या काही एसएसडी डिस्क बरोबर ३२,७६८ तास चालल्या की मरणार, फर्मवेअरमधल्या चुकीमुळे. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. आकडा बघा, दोनाचा पंधरावा घात, प्रोग्रामिंग केलेल्या माणसाला लगेच वास येतो की कुठलातरी काउंटर भरला. आणि भीती नुसती डिस्क मरायची नव्हती, एकाच दिवशी लावलेल्या डिस्क एकाच सुमाराला मरतात, मग रेड, म्हणजे एखादी डिस्क गेली तरी डेटा वाचवणारी डिस्कची जोडणी, काय कामाचं? उपाय एकच होता, तास भरायच्या आत फर्मवेअर टाकणं. त्यामुळे टाकायला तर लागतंच.

पण टाकताना काय होईल ते आधी कळायचं नाही. जुन्या आवृत्तीत बेसलाइनशी, म्हणजे हव्या त्या फर्मवेअरच्या यादीशी, तुलना करून लाल-हिरवं दिसायचं, लाल सगळे सिलेक्ट करा आणि चालवा. मग अर्ध्यावर समजणार की नेटवर्क कार्डाच्या फर्मवेअरला आधी बीएमसीचं नवीन लागतं, जॉब फेल, परत पहिल्यापासून. आणि रिबूट कधी करायचा यासाठी एक ड्रॉपडाउन, एक पर्याय लगेच, दुसरा पुढच्या रिबूटला. गेल्या वर्षी मी दुसरा निवडला, मग सर्व्हरच्या यादीत एक नाव वाढवायला मागे गेले, परत आले आणि चालवलं. मागे गेल्यावर ड्रॉपडाउन गुपचूप पुन्हा लगेचवर आलेला होता. एकाच क्लस्टरचे (एकमेकांचा भार उचलणाऱ्या सर्व्हरच्या गटाचे) तीन सर्व्हर एकाच वेळी खाली गेले, भर दुपारी. पुढच्या दहा मिनिटांत फोनवर काय काय ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. चूक माझीच, शेवटचं पान वाचायला हवं होतं, पण त्या पानावर नुसतं जॉबचं नाव आणि सबमिटचं बटण होतं, वाचणार काय?

आता सबमिटच्या आधी एक टेबल येतं. प्रत्येक सर्व्हरपुढे काय काय बदलणार, कुठल्या क्रमाने, किती वेळा रिबूट होणार, तो कुठल्या क्लस्टरचा आहे आणि त्याच क्लस्टरचा अजून कोण या यादीत आहे. आणि खाली एक रिकामा चौकोन, त्यात रिबूट होणाऱ्या सर्व्हरची संख्या हाताने टाइप करायची. जुळली नाही तर बटण उठतच नाही. आमच्या टीममधल्या एकाचं म्हणणं की हा पोरखेळ आहे, मोठ्या माणसांना आकडे कसले टाइप करायला लावता. मी म्हटलं राहू दे.

शनिवारी पहाटेची मेंटेनन्स विंडो होती. १६ सर्व्हर, महिनाभर आधी सगळ्यांना कळवलेले, यादी मला पाठ. टेबलवरून भरभर नजर टाकली, सगळं ठीक दिसलं, चौकोनात १६ टाइप केलं. बटण राखाडीच. परत टाइप केलं, मला वाटलं स्पेस वगैरे गेली असेल. तरी राखाडी. मग मात्र वरून एकेक ओळ मोजत आले आणि निघाले १७.

सतरावा होता बॅकअपचा सर्व्हर. मागच्या महिन्यात कोणीतरी टेस्टिंगसाठी आमच्या ग्रुपमध्ये टाकलेला आणि काढायचा विसरलेला. कन्सोल उघडून बघितलं तर त्या क्षणी त्याच्यावर आठवड्याचा फुल बॅकअप चालू होता, ७१ टक्के झालेला.

त्याच्यापुढची टिक काढली, १६ टाइप केलं आणि चहा आणायला गेले.