मिस का मिसेस, कशाला पाहिजे?

आमच्या इकडे नुसत्या नावानं कोणाला हाक मारत नाहीत, भाऊ, काकाजी, मामी, काही ना काही लागतंच, आणि मागून 'जी' आहेच. म्हणून गावातले पोट्टे इंग्रजीत अर्ज लिहायला बसले की पाटील सरच्या चालीवर सर पाटील करून टाकतात. इंग्लंडात सर हा किताब पहिल्या नावाला लागतो, सर आयझॅक म्हणतात, सर न्यूटन नाही, आणि मिस्टर मात्र आडनावाला. एवढं समजलं की पुरुषांचं काम भागलं.

बायांचं तसं नाही. मिस्टरचं लग्न झालं का नाही हे कोणी विचारत नाही, बाईला मात्र मिस का मिसेस ते आधी सांगावं लागते. मी शेजारच्या काकूसोबत शिवणकामाच्या ट्रेनिंगचा फॉर्म भरायला तालुक्याला गेली होती, काकाजी जाऊन वर्षही झालं नव्हतं. फॉर्म भरणाऱ्या पोरानं भरल्या रांगेत मोठ्यानं विचारलं, मिसेस टाकू का? काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणे, "आता कायची मिसेस जी, थे त गेले." मला लय वाईट वाटलं, रागही आला, कारण स्क्रीनवरची यादी जरा खाली सरकवली असती तर एमएस होतंच ना तिथं!

एमएस म्हणजे इंग्रजीतलं Ms, वाचायचं मिझ. लग्न झालेली, न झालेली, नवरा गेलेली, सगळ्यांना चालते. मिस अन् मिसेस दोन्ही मिस्ट्रेसमधूनच निघाले, आणि जुन्या काळी मिसेस हा घर-धंदा सांभाळणाऱ्या बाईचा मान होता, लग्नाचा शिक्का नंतर बसला. मिझ वापरा असं अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या एका पेपरात १९०१ मध्येच कोणीतरी सुचवलं होतं, पण ते रुळलं १९७० नंतर, बायांच्या चळवळीमुळे, आणि न्यूयॉर्क टाइम्सनं तर १९८६ मध्ये घेतलं. म्हणजे तिकडच्या बायांनाही ते आयतं भेटलं नाही. आपल्याकडे सौ., कुमारी, श्रीमतीचं तेच चालू आहे, त्यावर एकदा सवडीनं लिहीन.

तोवर पोट्ट्यांनो, बाईचा फॉर्म भरताना यादीत एमएस दिसलं की बिनधास्त तेच निवडा, आणि एखाद्या मॅडमला ईमेल लिहायचा असला अन् त्यांनी स्वतः मिसेस लिहिलं नसलं तर मिझ आणि आडनाव लिहा. सेंटरवाल्या भावांनो, तुम्हाला हात जोडून सांगते, रांगेत ओरडून विचारू नका, स्क्रीन तिच्याकडे फिरवा आणि तिलाच निवडू द्या जी.