गवाक्ष म्हणजे बैलाचा डोळा

गवाक्ष म्हणजे खिडकी एवढंच डोक्यात होतं, पण शब्द फोडून बघितला आणि मी अक्षरशः थांबलोच. गो + अक्ष, संधी होताना गो चा गव होतो, आणि अक्ष म्हणजे डोळा, म्हणजे गवाक्ष म्हणजे गाई-बैलाचा डोळा! बैलाचा डोळा जवळून बघा, मोठा, गोलसर, काळाभोर, आणि मग अजिंठ्याच्या १९ नंबरच्या लेण्याच्या दर्शनी भागावरची ती घोड्याच्या नालासारखी कमान आठवा, आत उजेड सोडणारी, तिलाच चैत्यगवाक्ष म्हणतात, चैत्य म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह.

खिडकीसाठीच दुसरा शब्द वातायन, वात + अयन, वाऱ्याची वाट. तोही सुंदरच आहे पण मला गवाक्षच जास्त आवडतो.

आणि खरी गंमत पुढे आहे, इंग्रजीतला विंडो हा शब्द जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतल्या विंदाउगा वरून आलाय, विंद म्हणजे वारा आणि आउगा म्हणजे डोळा, वाऱ्याचा डोळा! कुठे संस्कृत कुठे नॉर्स, पण दोघांनाही भिंतीतल्या भोकात डोळाच दिसला, आणि आपल्याकडचा वारा तिकडे त्याच शब्दात येऊन बसलाय.