स्प्लेंडरचं क्लच कव्हर पॅकिंग: सिलिकॉन लावायचं की नाही, माझा अनुभव

क्लच प्लेटा बदलून आणल्यापासून माझ्या स्प्लेंडरखाली रोज सकाळी फरशीवर रुपयाएवढा ऑइलचा डाग पडायला लागला. गॅरेजमध्ये दोनदा नेली, दोन्ही वेळा बोल्ट आवळून वरून लाल सिलिकॉन (फटी बुजवायची ट्यूबमधली पेस्ट) फासून दिलं, चार दिवस बरं की परत डाग. शेवटी म्हटलं आपणच क्लचवरचं कव्हर खोलून बघू.

रविवारी ऑइल काढलं, किक आणि क्लच केबल सोडवली, 8 चा टी-पाना घेऊन बसलो. बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून जिथला बोल्ट तिथेच खोचत गेलो, हे नक्की करा, लांब बोल्ट आखूड जागी गेला की आटे जातात.

कव्हर निघालं आणि सगळं कळलं. पॅकिंगच्या, म्हणजे कव्हर आणि इंजिनच्या मधल्या कागदी पट्टीच्या, दोन्ही बाजूंना सिलिकॉनचा एवढा थर की आवळताना पॅकिंग खालच्या कडेला आत सरकून फाटलेलं. ओलं सिलिकॉन बुळबुळीत असतं, कागदी पॅकिंग त्यावर घसरतं. पण खरा धसका बसला तो खालची ऑइलची जाळी ओढून काढल्यावर, तिच्यावर लाल शेवयांसारखे तुकडे चिकटलेले! बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आतही दाबून निघतं ना, आणि ही जाळी म्हणजे ऑइल पंपाचं तोंड, ती बुजली असती तर वर हेडपर्यंत, म्हणजे इंजिनच्या माथ्यापर्यंत, ऑइल पोचलंच नसतं.

साफसफाईलाच दोन तास गेले. ब्लेड लावलं नाही, अ‍ॅल्युमिनियमला ओरखडे पडतात, जुनं एटीएम कार्ड आणि रॉकेलने हळूहळू खरवडलं, शेवटी पेट्रोलच्या फडक्याने कोरडं केलं. तेव्हा नखाला एक खाच लागली, कुणीतरी स्क्रू ड्रायव्हर घालून कव्हर उचकटलं होतं. गळती मुळात तिथूनच असणार.

मग कंपनीचं नवीन पॅकिंग आणलं आणि कोरडंच बसवलं, कव्हरच्या बाजूला नुसता ग्रीसचा हात, म्हणजे पुढच्या वेळी सहज सुटेल. सिलिकॉन फक्त त्या खाचेत, बोटाने पुसून उरेल इतकंच, तेही ग्रे रंगाचं. दोन्ही डॉवेल (कव्हर नेमकं बसवणाऱ्या पिना) जागेवर आहेत ना बघितलं, बोल्ट समोरासमोरचे धरत तीन टप्प्यांत आवळले, रात्रभर तसंच ठेवलं आणि सकाळी ऑइल भरलं.

हे कागदी पॅकिंगचं झालं हां. काही गाड्यांच्या ऑइल संपला (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीला) पॅकिंगच नसतं, तिथे कंपनीच सिलिकॉनची बारीक रेघ द्यायला सांगते, तिथे लावायलाच हवं. हेड गॅसकेटला (हेडखालच्या पॅकिंगला) मात्र सिलिकॉन कधीच नको, तिथल्या ज्वाळेपुढे आणि प्रेशरपुढे ते टिकत नाही. मॅन्युअलमध्ये जागेनुसार दिलेलं असतं, ते बघूनच ट्यूब उघडा.

आता तीन हजार किलोमीटर झाले, पूर्ण पावसाळा गेला, कव्हरखाली बोट फिरवलं की कोरडं लागतं.