मिंट २१.३ वरून २२: अपग्रेडआधीचा बॅकअप (अमळनेर)

माझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे. तिचं अपग्रेड अजून सुरू केलेलं नाही. आधी बॅकअप पक्का करायचा. या मशीनमध्ये आजूबाजूच्या गावांतून रेकॉर्ड केलेली कानबाईची (खानदेशातल्या देवीची) अहिराणी गाणी आहेत, आणि गाणाऱ्यांपैकी काही म्हाताऱ्या आता हयात नाहीत. मिंट केव्हाही पुन्हा डाउनलोड करता येईल, ते आवाज कुठून आणणार?

टाइमशिफ्ट या मिंटमधल्या बॅकअप टूलने स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टीमची आहे तशी प्रत, घेतला. अपग्रेडचं टूल तो मागतंच, आणि तो झाला की बरेच जण निर्धास्त होतात. पण टाइमशिफ्ट सांभाळतं ते सिस्टीमला. होम फोल्डर मुद्दाम सांगितल्याशिवाय ते धरत नाही, आणि माझी गाणी तर सगळी होममध्येच. म्हणून ती आरसिंक या कॉपी करणाऱ्या कमांडने वेगळी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली. माउसने निवडून कॉपी करणाऱ्यांनी आधी कंट्रोल-एच दाबून लपलेल्या फायली दिसू द्याव्यात. थंडरबर्डचे मेल, फायरफॉक्सचे बुकमार्क लपलेल्या फोल्डरांत असतात.

डिस्क ईएक्सटी४ या लिनक्सच्या फॉरमॅटमध्ये केली, त्याला कारण आहे. माझ्या फायलींच्या नावात रेकॉर्डिंगची वेळ असते, ‘२२:३५’ अशी. विंडोजलाही चालणाऱ्या ईएक्सफॅट फॉरमॅटला नावातला कोलन चालत नाही, ती फाइल मागेच राहते. शिवाय लिनक्सच्या परमिशन्सही तिथे टिकत नाहीत.

कॉपी संपल्यावर डिस्क रीतसर काढून पुन्हा जोडली. नाहीतर नुकतीच लिहिलेली फाइल रॅममधूनच वाचली जाऊ शकते, आणि तपासणी खोटी ठरते. मग आरसिंक चेकसम (फाइलमधल्या सगळ्या बाइटांवरून काढलेला आकडा) लावून, नुसतं तुलनेपुरतं चालवलं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टीरिओची तासाला साधारण १ जीबी फाइल होते, त्यामुळे प्रत्येक बाइट वाचायला वेळ लागतो. फरकाची यादी रिकामी आली तेव्हा जीव भांड्यात पडला. तरी भावाच्या लॅपटॉपवर लाइव्ह यूएसबीने (इन्स्टॉल न करता, पेनड्राइव्हवरूनच) मिंट चालू करून, डिस्क जोडून, कानबाईच्या रोटांच्या (नैवेद्याच्या) रात्रीचं एक गाणं मधूनच लावलं. स्वच्छ वाजलं.

हे सगळं पहाटे केलं. वैशाखात इकडे दुपारी पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि सलग लिहिणारी डिस्क हाताला चटका देते. यूपीएसची बॅटरीही आधी तपासली. वादळी वारा सुटला की लाइट जायला वेळ लागत नाही.

दुसरी प्रत धुळ्याला बहिणीकडे ठेवायची आहे. ती पोचली की अपग्रेड सुरू करेन. २१.३ ला २०२७ पर्यंत सपोर्ट आहे, त्यामुळे घाई नाही.